बाकावरून दिसणारं कोर्ट

देवापुढे हात जोडले तरी ही एक गोष्ट मी मागे ठेवते. त्याला सगळं कळतं म्हणतात, कळतही असेल. पण मी आपल्या तोंडाने त्याला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, पाठच्या बहिणीला नाही, कुणालाच नाही. आज घरात कुणी नाही, दुपारची वेळ आहे, ए.सी.चा तेवढा आवाज येतोय, आणि मी लिहायला बसले आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. बोलण्यात तर मी त्याहून कच्ची. चार बायका जमल्या की माझं तोंड उघडत नाही, मी आपली पदराच्या टोकाशी चाळा करत बसते. गप्प बसणाऱ्या बाईला लोक भली समजतात — त्याचा मला फार उपयोग झाला. तो कसा, तेच सांगायचं आहे.

पण कुठून सांगू? टेनिसच्या कोर्टापासून सांगते.

आम्ही दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो. मुलगा हेमंत, सून अनुजा, नात अवनी आणि मी. घरापासून चालत जाण्यासारखी एक बाग आहे आणि बागेच्या टोकाला टेनिसचं कोर्ट. सगळ्यांना खुलं, पैसे पडत नाहीत. हेमंत म्हणायचा, "आई, दुबईत दोनच गोष्टी फुकट. ऊन आणि हे कोर्ट." फुकट म्हणून तिथे संध्याकाळी झुंबड. नंबर लावायची पद्धत अशी, की आल्या आल्या आपली रॅकेट बाहेरच्या जाळीत खोचून ठेवायची. ओळीने रॅकेटी लागलेल्या असत. आतल्यांचा खेळ संपला की ओळीतली पहिली रॅकेट आत. त्या वेळी तुम्ही जागेवर नसलात तर कुणी वाट बघत नाही, पुढची रॅकेट आत जाते. कोण कुठल्या देशाचा, कुणाचा हुद्दा काय, काही नाही. ज्याची रॅकेट आधी तो आधी. मला ते फार बरं वाटायचं.

अनुजा तिथे खेळायची. कॉलेजात असल्यापासून खेळत होती. इथे ती एका कंपनीत अकाउंट्स बघते, दिवसभर मान मोडून काम. संध्याकाळी घरी यायची तेव्हा चेहरा असा सुकलेला. मग केस वर बांधायची, बूट चढवायची, आणि बाई पुन्हा ताजी. घरात हळू बोलणारी मुलगी ती, माझ्यासारखीच. पण कोर्टात गेली की आरडाओरडा काय करायची, हसायची काय! शेजारच्या बिल्डिंगमधली लिसी तिची जोडीदार. केरळची, नर्स होती. मला "अम्मा" म्हणायची. दोघी मिळून समोरच्या दोन पुरुषांना पळवून पळवून दमवायच्या आणि मग जाळीला टेकून पाणी पीत खिदळायच्या.

आणि मी? मी बाहेर बाकावर. अवनीला घेऊन. ती तेव्हा चार वर्षांची होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. अनुजा लग्न होऊन चिंचवडच्या आमच्या घरात आली, तेव्हा पहिल्या आठवड्यात ऑफिसला निघताना म्हणाली, "आई, जाते हं." मी तिला दारातच थांबवलं. म्हटलं, "जाते म्हणू नये ग. येते म्हणावं. आणि घरातल्यांनी ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू नये." तुमच्याकडेही असंच असेल. माझ्या आईने मला शिकवलं, मी तिला शिकवलं. ती हसली, पण तिने ते कायमचं धरलं. कुठेही जाताना "आई, येते" आणि माझं "ये" येईपर्यंत चप्पल पायात घालून उभी. विमानात बसून दुबईला आलो तरी तेच. बागेत बाकापासून कोर्टाच्या दारापर्यंत असं किती अंतर? तरी आत जाताना ती माझ्याकडे वळायची. "आई, येते हं." मी म्हणायची, "ये." तेवढं झालं की अवनी माझी. पुन्हा वेगळं "हिच्याकडे बघा" म्हणावं लागायचं नाही. हेमंत चेष्टा करायचा, "तुम्ही दोघी म्हणजे एअरपोर्ट. टॉवरचा क्लिअरन्स आल्याशिवाय उड्डाण नाही."

ती पद्धत मी शिकवलेली होती. हे लक्षात ठेवा. मी विसरू शकत नाही.

आणखी एक. हेही मी कुणाला बोलले नव्हते. मला अनुजाचा खेळ बघायला आवडायचा. आवडायचा म्हणजे — कसं सांगू? चौथी झाल्यावर पाठची बहीण सुमन जन्मली आणि माझी शाळा सुटली. तेव्हापासून माझ्या कडेवर कुणाचं ना कुणाचं मूल. सुमन, मग दोन भाऊ, मग जावेची मुलं, मग हेमंत. मी कधी चेंडू हातात धरला नाही. धरावासा वाटला का? तेही आठवत नाही. पण इथे, म्हातारपणी, परक्या देशात एका बाकावर बसून मला तो पिवळा चेंडू दिसला. गुण कसे मोजतात ते मला अजून कळत नाही. पण अनुजाचा खांदा वळला की चेंडू कुठे जाणार ते मला आधी कळायचं. ती धावली की माझे पाय जमिनीवर दाबले जायचे. घरी जाताना ती विचारायची, "कंटाळलात ना आई?" मी म्हणायची, "नाही ग, हवा बरी होती."

हवा बरी होती! का नाही म्हणाले, की पोरी, तू खेळतेस ते मला सणासारखं वाटतं?

बघा, अजून मी त्या संध्याकाळच्या भोवतीच फिरते आहे.

त्याच्या थोडे दिवस आधी माझ्या हातून एक चूक झाली होती. दूध तापत ठेवलं आणि अवनीला घेऊन खाली उतरले. विसरले. धूर झाला, अलार्म वाजला, सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये येऊन उभी. लहान मुलं, म्हातारी माणसं, आंघोळीतून तसाच टॉवेल गुंडाळून आलेला एक माणूस. वॉचमन सगळ्यांना विचारत होता, "किसका घर?" आणि मी मान खाली घालून उभी. त्या दिवशी हेमंत ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "आई, तुला झेपत नसेल तर सांग. थोडे दिवस सुमनमावशीकडे जाऊन राहा." थोडे दिवस. हे गेल्यावर चिंचवडचं घर आम्ही विकलं होतं. माझा व्हिसा हेमंतच्या नावावर. सुमनच्या घरात तिच्या दोन सुना, एकीला माझं उठणंबसणं खपत नाही. मी रात्रभर "थोडे दिवस" घोळवत राहिले. अनुजानेच त्याला गप्प केलं होतं. स्वयंपाकघरातून मला ऐकू आलं. "हेमंत, दूध माझ्याकडूनही उतू जातं. आईंना असं नको बोलूस." हेही लक्षात ठेवा.

मग ती संध्याकाळ.

थंडीचे दिवस होते, कोर्टावर खूप रॅकेटी लागल्या होत्या. अनुजा अवनीच्या बुटाची नाडी बांधत होती आणि आतला खेळ अचानक संपला, कुणाचा तरी पाय मुरगळला म्हणून. लिसी ओरडली, "यल्ला अनु, यल्ला! चलो! अपना नंबर! नहीं तो वो लोग घुस जाएगा!" अनुजाने नाडी आवळली, अवनीच्या डोक्याची पापी घेतली, जाळीतली रॅकेट ओढली आणि निघाली. निघताना ती काय म्हणाली आणि मी काय म्हणाले — थांबा, ते सांगेन.

त्या दिवशी ती जशी खेळली तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. समोर दोन तरुण पोरं होती, उंच, जोरात मारणारी. एक चेंडू पार कोपऱ्यात गेला, वाटलं गेला. तिने तो धावत जाऊन परत केला. पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात. पुन्हा परत. बाहेरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. मी बाकावरून उठून उभी राहिले होते. अवनी माझ्या बाजूला बादली-फावडं घेऊन बसली होती. बसली होती असं मी समजत होते. मग तिचा आवाज आला, "मम्मा, लूक! मम्मा, सी मी!" आवाज वरून आला. माझ्या बाजूने नाही, वरून. मला ते कळलं. खरंच सांगते, मला कळलं. आणि माझ्या मनात आलं, एवढा चेंडू होऊ दे.

एवढा एक चेंडू.

ती जाळीच्या भोकांत बोटं आणि बुटाची टोकं अडकवून आईला दिसावं म्हणून वर चढली होती. पडली तेव्हा ओळीतल्या दोन रॅकेटी तिच्याबरोबर खाली आल्या. त्यांचा आवाज मी आधी ऐकला, तिचा नंतर.

डाव्या कोपराचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत तारा घालाव्या लागल्या. हॉस्पिटलच्या त्या लांब, थंड बोळात अनुजा रॅकेट हातात घेऊनच बसली होती, ती खाली ठेवायची असते हे तिला सुचत नव्हतं. हेमंत दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कंपनीतून थेट आला, पायात ते जड सेफ्टी बूट तसेच. आधी डॉक्टरांशी बोलला. अवनीला आत नेलं. मग आमच्यासमोर येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात विचारलं,

"कुणाकडे होती ती?"

अनुजा म्हणाली, "आईंकडे. मी आईंना सांगून गेले होते." आणि माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही हो. आधाराला बघितलं. आता आई हो म्हणतील आणि मग आपण तिघं मिळून रडू, असं.

मी म्हणाले, "नाही बाई. आज तू येते म्हणाली नाहीस."

मी सहसा बोलत नाही, त्या दिवशी बोलले. आणि जे बोलले ते खोटं.

मी ठरवून बोलले का? तोंडातून निघालं का? पुष्कळ दिवस मी स्वतःला "निघून गेलं" असंच सांगत होते. पण निघून गेलेलं परत बोलावता येतं. डॉक्टर बाहेर यायला भरपूर वेळ होता. त्या सगळ्या वेळात मी पदराच्या टोकाशी चाळा करत बसले होते. बोलावलं नाही.

आणि अनुजा? ती भांडली असती तर मी कदाचित कोसळले असते. ती भांडली नाही. तिने विचार केला. मला दिसलं ती विचार करताना, कपाळाला बारीक आठी घालून, हिशोबात चूक शोधावी तशी. "म्हणाले नाही?" तिने विचारलं. मग स्वतःशीच, "नाडी बांधत होते... लिसीने हाक मारली... मी पळाले. असेल. राहिलं असेल." मग हेमंतकडे बघून, "माझ्याकडून राहिलं."

ज्या बाईने वर्षानुवर्षं एकदाही "येते" म्हटल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, तिने स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. का ठेवला? कारण मी कधी फारसं बोलत नाही. कारण ती पद्धत मी शिकवलेली. मी म्हणते, ती म्हणाली नाही, म्हणजे नसेलच म्हणाली.

हेमंत तिला फक्त एवढंच म्हणाला, "एवढं काय अडलं होतं ग?" आणि तिच्या हातातल्या रॅकेटकडे बघितलं. तेव्हा तिने ती खाली ठेवली. खुर्चीखाली, पायाने आत सरकवून.

त्यानंतर ती खेळली नाही.

लिसी घरी आली होती, फणसाचे गरे घेऊन. अनुजा आत अवनीला भरवत होती. लिसी माझ्याजवळ बसली, माझा हात धरला. "अम्मा, इसको बोलो ना. बच्चा लोग गिरता है, मेरा भी गिरा था. ये बोलती है मेरा गलती, मेरा गलती. आप बोलेगा तो सुनेगी." मी म्हणाले, "उसका मन नहीं अब." मन नाही! तिचं मन काय होतं ते त्या घरात एका मलाच माहीत होतं. लिसी आणखी दोनदा आली. मग तिच्या नवऱ्याची नोकरी सुटली आणि ते गावी परत गेले. जाताना तिने आपले चेंडू अनुजाला देऊन टाकले. ते अवनीच्या खेळण्यांत हरवले.

रॅकेट वरच्या कपाटात गेली, गणपतीच्या मखराशेजारी. दर वर्षी मखर काढताना ती खाली यायची. अनुजा तिच्याकडे न बघता पुन्हा वर सारायची. मी खाली आरतीचं तबक पुसत असायची.

तुम्ही म्हणाल, खेळच तो, सुटला तर सुटला. मलाही आधी तसंच वाटलं. पण फक्त खेळ सुटला नाही. ते मला हळूहळू दिसायला लागलं. गॅस बंद केला की ती परत जाऊन बघायची. मग तिसऱ्यांदा. घराला कुलूप लावलं की फोनवर कुलपाचा फोटो काढायची. लिफ्टमधून फोटो बघायची. अवनीला बसमध्ये बसवलं की बसच्या बाईला म्हणायची, "प्लीज से येस. आय वॉन्ट टु हिअर यू से येस." ऑफिसात तिला वरची जागा देत होते. नको म्हणाली. हेमंतने विचारलं, "वेड लागलंय का तुला?" तर हसून म्हणाली, "एवढ्या लोकांचे पगार माझ्या सहीवर? माझ्याकडून काहीतरी राहील रे. माझा माझ्यावर भरवसा नाही."

चांगली हुशार पोरगी. तिचा तिच्यावरचा भरवसा. तो मी घेतला.

आता सगळ्यांत वाईट सांगते. तुम्हाला वाटलं असेल की ते सांगून झालं. नाही झालं.

भीती काही दिवसांतच गेली होती. अवनीचा हात बांधलेला असताना घरात मी लागतच होते. हेमंत एकदा माझ्या पाया पडून म्हणाला, "तू नसतीस तर आम्ही काय केलं असतं?" सुमनकडे जायचं नाव पुन्हा निघालं नाही. मग तेव्हा का नाही सांगितलं? धोका कसलाच नव्हता. सांगते. अनुजा मला विचारायला लागली होती. "आई, मी औषध दिलं ना हिला?" "आई, मी दार लावलं ना?" "आई, मी काल फी भरली म्हणाले होते ना?" मी सांगायची, हो दिलंस, हो लावलंस. पाहुणे आले की ती म्हणायची, "आमच्या आईंच्या सगळं लक्षात राहतं. मी तर विसरभोळी." आणि मला ते गोड लागायचं. मी, जिला दुधाचं भांडं लक्षात राहत नाही, ती घराची आठवण झाले. संध्याकाळी ती खेळायला न जाता माझ्याजवळ चहा घेऊन बसायची. सोबत होती मला. मी तिची संध्याकाळ तिच्या हातून काढून घेऊन माझ्या चहाबरोबर पीत होते.

असं बरेच दिवस चाललं. अवनी आता सातवीत आहे. तिचा डावा हात पूर्ण सरळ होत नाही, थोडा वाकलेला राहतो. तिला त्याचं काही नाही. "आजी, इट्स माय स्टाइल," म्हणते. मी वेणी घालताना आरशात तो कोपर बघते आणि ती म्हणते, "आजी, पुल करू नकोस ना, व्हाय आर यू क्राइंग?" मी म्हणते, कांदा चिरला होता.

यंदा मखर काढताना रॅकेट तिच्या हाती लागली. "मम्मा! धिस इज युअर्स? यू प्लेड?" अनुजा म्हणाली, "हो, थोडंसं." थोडंसं. अवनी हट्टी. शाळेत तिला टेनिस आहे. थंडी पडल्यावर तिने दोघींना ओढतच नेलं, आईलाही आणि मलाही. तेच कोर्ट. जाळी नवीन आहे, भोकं बारीक आहेत, आता मूल चढू शकणार नाही. लोक सगळे वेगळे. पण रॅकेटी तशाच ओळीने बाहेर जाळीला टेकवून ठेवलेल्या. मी बाकावर बसले. बाक तोच.

नंबर आला. "नेक्स्ट, यल्ला!" कुणीतरी ओरडलं. अवनी धावत आत गेली. अनुजा दारात थांबली. आता मागे सांभाळायला कुणी नव्हतं, फक्त मी एक म्हातारी. तरी ती वळली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई... येते?"

पूर्वी ती सांगायची. आता तिने विचारलं.

मी म्हणाले, "ये."

"ये म्हणालात ना?"

"हो ग, ये."

ती आत गेली. तिचा खांदा वळला तेव्हा मला अजूनही कळलं चेंडू कुठे जाणार ते. पण चेंडू गेला नाही, रॅकेटला लागलाच नाही. कारण ती चेंडूकडे बघत नव्हती. ती बाकाकडे बघत होती, बाकाच्या बाजूच्या त्या जागेकडे, जिथे आता काहीच नव्हतं. प्रत्येक चेंडूला तिची नजर एकदा इकडे येत होती. अवनी पलीकडून ओरडत होती, "मम्मा, लूक ॲट द बॉल! मम्मा, बॉल!" जिची नजर कधी चेंडूवरून हलली नाही, ती माझी अनुजा. थोड्याच वेळात बाहेर आली. "नाही जमत ग आता. तू खेळ कुणाबरोबर तरी." एका मुलीला अवनीबरोबर खेळायला लावून ती माझ्याशेजारी बसली. श्वास लागला होता. आम्ही दोघी समोर बघत होतो.

मग तिने विचारलं. इतक्या वर्षांत कधीच न विचारलेलं. माझ्याकडे न बघता, अगदी हळू.

"आई, मी त्या दिवशी खरंच येते म्हणाले नव्हते का हो? मला ना, अजून वाटतं की म्हणाले होते. तुमचं ये पण ऐकू येतं. डोकं फिरलंय माझं."

बघा. देवाने माझ्या शेजारी बाकावर बसून मला याहून आणखी काय विचारलं असतं? किती सोपं करून विचारलं होतं. तिला जे वाटत होतं, त्याला मला फक्त हो म्हणायचं होतं. माझी भीती कधीच संपली होती, माझं वय झालं, मला कुठे पाठवतील ही काळजी उरलेली नाही. एक अक्षर.

मी म्हणाले, "जाऊ दे ग आता. जुनं कशाला काढायचं?"

ती म्हणाली, "हो, तेही खरंच." आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला थंडी वाजत असेल असं वाटून तिने आपली ओढणी माझ्या खांद्यावर घातली.

पहिलं खोटं मी घाबरून बोलले असं म्हणता आलं असतं. हे गेल्या आठवड्यातलं काय म्हणून खपवू? यापुढे मी तिला सांगेन की नाही, मला माहीत नाही. सांगेन असं लिहून मी तुमच्यापुढे भली होणार नाही. तेवढी भली मी पुष्कळ होऊन झाले.

आता कुलपाचा आवाज येईल. ती ऑफिसातून येईल, दाराची कडी दोनदा तपासेल, स्वयंपाकघरात डोकावून विचारेल, "आई, गॅस बंद आहे ना?" मी हो म्हणेन.

मघाशी मी थांबा म्हटलं होतं, ते एवढंच राहिलं आहे.

त्या संध्याकाळी तिने अवनीच्या बुटाची नाडी आवळली, जाळीतली रॅकेट घेतली, लिसी ओरडत होती तरी थांबली, मागे वळली आणि नेहमीसारखी हसून म्हणाली, "आई, येते हं."

मी म्हणाले, "ये."

मग ती गेली.